पट्टीवरचा स्वर आणि विजेचा स्वर

गेल्या अर्धशतकात ज्या वाद्याने जगातील लोकप्रिय संगीताचा चेहरा सर्वांत अधिक पालटला, त्या वाद्याला मराठीत अद्याप स्वतःचे नाव मिळालेले नाही. सिंथेसायझर हा शब्द जसाच्या तसा उचलला गेला आणि व्यवहारात त्याचा ‘कीबोर्ड’ झाला. शब्दाचा अर्थ मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. वेगवेगळे घटक एकत्र आणून ज्यात स्वर सिद्ध केला जातो, ते हे वाद्य. सतारीत तार छेडावी लागते, बासरीत फुंकर घालावी लागते, तबल्यावर थाप द्यावी लागते. कंप पावणारी एखादी वस्तू प्रत्येक वाद्याच्या पोटात असतेच. सिंथेसायझरात अशी वस्तू नाही. तेथे विद्युत्प्रवाहालाच आंदोलने दिली जातात. त्या आंदोलनांतील नको ते अंश गाळून टाकण्यासाठी एक गाळणी असते, आणि स्वर किती झटकन उमटावा, किती वेळ टिकावा व किती सावकाश विरावा हे ठरविण्यासाठी वेगळी योजना असते. शेवटी ध्वनिक्षेपकाचा पडदा हलतो तेव्हाच तो स्वर कानी पडतो. तोवर तो केवळ प्रवाहाच्या रूपात वावरत असतो.

असा यंत्रसिद्ध स्वर हा खराखुरा स्वर मानावा काय, हा प्रश्न सिंथेसायझरच्या आगमनाबरोबर सर्वत्र उपस्थित झाला. परंतु मराठी संगीताला तो नवा नव्हता. त्याआधीच तो एका दुसऱ्या वाद्याच्या निमित्ताने विचारला गेला होता, आणि ते वाद्य म्हणजे आपली पेटी होय. विजेच्या स्वराची कथा समजून घ्यावयाची तर आधी पट्टीच्या स्वराची कथा थोडक्यात पाहिली पाहिजे.

हार्मोनियमची सनद पॅरिस येथे अलेक्झांद्र दबँ याने १८४२ मध्ये घेतली. हे वाद्य पायाने भाता हलवून वाजवावयाचे होते. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या पेढीने त्याला जमिनीवर बसून, एका हाताने भाता हलवीत वाजविण्याजोगे रूप दिले आणि पाहता पाहता ते देशभर पसरले. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील भैया गणपतराव यांनी ठुमरीच्या साथीत त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. महाराष्ट्रात रंगभूमीने त्याला उचलून धरले. गोविंदराव टेंबे हे स्वतः श्रेष्ठ पेटीवादक, आणि १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी व थिरकवाँचा तबला यांच्या जोडीला हरिभाऊ देशपांडे यांच्या ऑर्गनचा भरीव सूर होता. ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’ ही भाषा गायकाच्या तोंडी इतकी रुळली की तिचा उगम एका परदेशी वाद्याच्या पट्ट्यांत आहे हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

तथापि जाणकारांच्या मनात दोन शल्ये होती. पहिले असे की पेटीच्या पट्ट्या सप्तकाचे बारा समान भाग पाडून जुळविलेल्या असतात, आणि तंबोऱ्यातून निघणारा स्वयंभू गांधार त्या बारांत बसत नाही. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर पेटीचा गांधार स्वयंभू गांधाराहून सुमारे १४ भागांनी चढा असतो. आकडा लहान, पण तंबोरा लावून बसलेल्या गवयाच्या कानाला तो खुपल्यावाचून राहत नाही. दुसरे शल्य मींडेचे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे हा आपल्या संगीताचा प्राण. आणि पेटीत एक पट्टी सुटते तेव्हाच दुसरी बोलू लागते. मधला प्रवास तिला ठाऊकच नाही.

पहिले शल्य काढण्याचा प्रयत्न एका सरकारी अधिकाऱ्याने केला, हे सांगितले पाहिजे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार घेऊन त्यांनी स्वरांची मोजमापे केली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. मुलकी सेवेतील अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुती-हार्मोनियम नावाची पेटीही विलायतेत बनवून घेण्यात आली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत तिच्यावर मोठा वाद झाला आणि तज्ज्ञांचे समाधान झाले नाही. देवलांची पेटी मागे पडली; परंतु यंत्राला आपल्या कानाप्रमाणे वळविता येईल ही त्यांची श्रद्धा मात्र पुढे वाया गेली नाही.

वादाचा निकाल अखेर विद्वानांच्या सभेत न लागता सरकारी हुकुमाने लागला. आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीवर कडाडून टीका केली होती. रवींद्रनाथ ठाकुरांचाही कल पेटीविरुद्धच होता. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला मज्जाव करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर तो उठला नाही. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले, मूळचे पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी तो कायम ठेवला. पेटीवर जीव असलेले पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये आकाशवाणीत रुजू झाले ते अशा घरात, की जेथे त्यांच्या आवडत्या वाद्याला उंबरठा ओलांडता येत नव्हता. पुढे या प्रश्नावर दिल्लीत चर्चासत्र झाले आणि १९७१ मध्ये, काही अटींवर व साथीपुरती, पेटीला परवानगी मिळाली.

एकतीस वर्षांच्या या बंदीने काय साधले? पेटी मेली नाही. ती नाट्यगृहात, मैफलीत, भजनात आणि घराघरांत वाजतच राहिली. किंबहुना तिच्या मर्यादांवर मात करणारे वादक याच काळात घडले. मधुकर पेडणेकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्या बोटांतून मींडेचा भास निर्माण होई. नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी तर तिला ‘संवादिनी’ असे नाव देऊन स्वतंत्र वाद्याचा मान मागितला. वाद्याचा निवाडा हुकुमाने होत नाही, तो वादकाच्या हाताने होतो, असा या प्रकरणाचा निष्कर्ष काढता येईल. विजेच्या वाद्याच्या बाबतीत तो पुन्हा पडताळून पाहण्याची वेळ लवकरच आली.

विजेचा स्वर आपल्याकडे आला तो नकलाकाराच्या वेषात. फ्रान्समध्ये कोन्स्ताँ मार्तँ याने १९४७ मध्ये क्लॅव्हिओलिन नावाचे लहानसे वाद्य तयार केले होते. मुंबईत गिरगावात वाढलेल्या कल्याणजी वीरजी शहा यांच्या हाती ते आले. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटाला संगीत हेमंतकुमारांचे. त्यातील ज्या पुंगीने देशाला वेड लावले, ती खऱ्या गारुड्याची पुंगी नव्हती. ती कल्याणजींच्या क्लॅव्हिओलिनमधून निघाली होती. आकाशवाणीवर पेटी वर्ज्य असण्याच्याच काळात, विजेवर वाजणारी पट्टी पुंगीचे सोंग घेऊन घरोघर पोहोचली होती, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

याच्या नेमकी उलट वाट अहमदाबादेत चोखाळली गेली. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये आपला सिंथेसायझर सिद्ध केला. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या हस्ते, मूगच्या यंत्रासह एक ध्वनिशाळा उभी राहिली. या उपक्रमामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती. कोणत्याही वाद्याची नक्कल न करता विजेच्या स्वरालाच बोलू द्यावे, असा तेथील तरुण रचनाकारांचा प्रयत्न होता. काही वर्षांत ही शाळा थंडावली आणि तिच्या ध्वनिफिती कपाटात पडून राहिल्या. अर्धशतकानंतर, २०२३ मध्ये, त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. नकलेच्या मार्गाने आलेला स्वर लक्षावधींच्या कानी गेला आणि प्रयोगाच्या मार्गाने आलेला कपाटात राहिला. नव्या वाद्यांचे नशीब बहुधा असेच असते.

परदेशातही या वाद्याचे स्वागत एकमुखाने झाले नाही. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी बाखच्या रचना मूगवर वाजवून खळबळ उडविली. जर्मनीच्या क्राफ्टवर्कने १९७४ मध्ये मोटाररस्त्याच्या प्रवासावर एक दीर्घ रचना बांधली आणि पॉप संगीताला नवे वळण दिले. दुसरीकडे क्वीन या प्रसिद्ध रॉक संचाने आपल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर ‘यात सिंथेसायझर वापरलेला नाही’ असे अभिमानाने छापले. तो नेम त्यांनी १९८० मध्ये मोडला. १९८२ च्या मे महिन्यात तर ब्रिटनमधील संगीतकारांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझरच्या वापरावर बंदी मागणारा ठराव मंजूर केला. त्यामागे स्वराच्या शुद्धतेची चिंता नव्हती. व्हायोलिनवादकांच्या भाकरीची होती.

त्याच १९८२ साली, बंदीच्या या ठरावाची कल्पनाही नसलेल्या मुंबईत, एक वेगळाच प्रयोग चालू होता. चरणजित सिंग हे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजविणारे कसलेले कलावंत. त्यांनी सिंगापूरहून जपानच्या रोलँड कंपनीची यंत्रे आणली होती. एकातून स्वरावली वाजे, दुसऱ्यातून तालाचे ठोके पडत, आणि तिसरे, टीबी-३०३ नावाचे लहानसे यंत्र, खर्जातील स्वर पुरवी. या तिघांना एकत्र जोडून त्यांनी भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी या दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हे तिचे नाव. त्या काळच्या डिस्को नृत्याच्या ठेक्यावर ते राग चालत. ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. राग ऐकणाऱ्याला ठेका नको होता आणि ठेक्यावर नाचणाऱ्याला राग नको होता.

या ध्वनिमुद्रिकेचे महत्त्व कशात आहे? टीबी-३०३ हे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनविले होते. नकलेच्या या कामात ते साफ अपयशी ठरले. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले आणि उरलेले नग जुन्या बाजारात कवडीमोलाने विकले गेले. शिकागोतील काही गरीब तरुणांनी ते उचलले, त्याच्या गाळणीच्या खुंट्या पिळून पाहिल्या, आणि १९८७ च्या सुमारास ‘ॲसिड हाउस’ या नावाने गाजलेले नृत्यसंगीत जन्माला आले. या यंत्रात एक सोय अशी होती की एक स्वर दुसऱ्या स्वरावर घसरत नेता येई. शिकागोच्या तरुणांना तीत मौज दिसली. मुंबईच्या वादकाला तीच सोय पाच वर्षे आधी सापडली होती, कारण तो मींडेच्या परंपरेत वाढला होता. पेटीने जे नाकारले ते या नव्या पट्टीने देऊ केले होते. २०१० मध्ये एका डच रसिकाच्या खटपटीने ही ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा युरोपातील श्रोते चकित झाले आणि चरणजित सिंग यांना उतारवयात परदेशी रंगमंचावर वाजविण्याचा मान मिळाला. २०१५ मध्ये ते निवर्तले. शिकागोकरांनी ही मुद्रिका ऐकली होती असे मानण्यास आधार नाही. पण एकाच वाद्यातून दोन दूरच्या शहरांनी स्वतंत्रपणे एकच गुण हेरावा, ही गोष्ट कोणत्याही श्रेयाच्या वादापेक्षा मोलाची आहे.

पुढील दहा-पंधरा वर्षांत मुंबईच्या संगीतव्यवसायाचा पाया हादरला. चित्रपटाच्या एकेका गाण्यासाठी पन्नास-पाऊणशे वादक जमत. त्यांत गोव्याचे व्हायोलिनवादक आणि ट्रंपेटवादक पुष्कळ. त्यांना स्वरलेखन करून देणारे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक या व्यवसायाचा कणा होते. केरसी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात मूगचा सिंथेसायझर याच वाद्यवृंदांत आणला, तो अनेक वाद्यांतील एक म्हणून. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या विद्युत्वाद्यांना परस्परांशी जोडणारी ‘मिडी’ ही संकेतपद्धती रूढ झाली आणि एका माणसाला वाद्यवृंदाचे काम करता येऊ लागले. १९९० नंतर मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांतील खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. ज्यांचे आयुष्य वाद्यवृंदात गेले अशा कितीतरी वादकांना उतारवयात काम उरले नाही. स्वराच्या शुद्धाशुद्धतेवर जेवढी चर्चा झाली तेवढी या माणसांविषयी झाली नाही, हे नमूद केले पाहिजे.

परंतु एकाचे दार बंद होते तेव्हा दुसऱ्याचे उघडते, हेही तितकेच खरे. चित्रपटाबाहेर, कोणत्याही निर्मात्याच्या आश्रयावाचून गाणाऱ्या ज्या तरुणांना आज ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र संगीताचे कलावंत म्हणतात, त्यांना हेच वाद्य उपकारक ठरले. मुंबईच्या रॉक मशीन या संचात, जो १९९३ पासून इंडस क्रीड या नावाने ओळखला गेला, झुबिन बालापोरिया यांचा कीबोर्ड गिटारांच्या बरोबरीने वाजे. पेंटाग्राम या संचाने २००२ च्या ‘अप’ या अल्बमात रॉक व विजेचे स्वर एकजीव करून पाहिले. त्याच संचातील गिटारवादक रँडॉल्फ कोरिया यांनी मोनिका डोग्रा यांच्यासह शायर अँड फंक हा दोघांचाच संच काढला आणि २००७ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. दोन माणसांनी संपूर्ण अल्बम सिद्ध करावा, हे वाद्यवृंदाच्या जमान्यात संभवनीय नव्हते. मराठीत अजय-अतुल यांनी दोन्ही टोके सांधली. २०१६ च्या ‘सैराट’ साठी त्यांनी लॉस एंजेलिस येथे प्रत्यक्ष सिंफनी वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केले. आणि त्याच चित्रपटातील ‘झिंगाट’ मध्ये विजेच्या स्वरांना मोकळे रान दिले. जेथे माणसाच्या श्वासाचा आणि गजाचा स्वर हवा तेथे तो, आणि जेथे यंत्राचा धडाका हवा तेथे तो, असा विवेक त्यात दिसतो.

मोठ्या शहरातील वादकाची भाकर हिरावणारे हे वाद्य लहान वस्तीत मात्र उत्सव तगवून धरते. मध्य प्रदेशातील जबलपूरचे उदाहरण घ्यावे. गढा-मंडल्याचा हा मुलूख १७८१ मध्ये सागरच्या मराठी अंमलाखाली आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि पुढे वीस वर्षांच्या आत इंग्रजांच्या हाती पडला. राज्ये गेली, मराठी कुटुंबे राहिली, आणि नोकरीनिमित्त नवीही येत गेली. दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या मोहल्ल्यात मराठी नाट्यपदांचा वा भावगीतांचा कार्यक्रम करावयाचा तर व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट असा ताफा आणावयाचा कोठून? तेथे तबल्याच्या जोडीला एक कीबोर्ड मिळाला की कार्यक्रम उभा राहतो. स्वर नकली असेल. पण त्याच्या आधाराने गाणारा गळा खरा असतो, आणि महाराष्ट्रापासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या कानांवर आपल्या भाषेतले पद पडते.

खुद्द शास्त्रीय संगीतानेही या बाबतीत मुकाट्याने तडजोड केली आहे. १९७९ पासून बाजारात आलेला विजेवरचा तंबोरा आज असंख्य विद्यार्थ्यांच्या रियाझाला सूर देतो. ज्यांना सिंथेसायझरचे नाव घेतलेले खपत नाही, तेही त्या डबीची कळ दाबून षड्ज लावतात. दुसरीकडे देवलांनी सोडलेला धागा पुन्हा हाती घेतला गेला आहे. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली, आणि नव्या सिंथेसायझरांत तर सप्तकातील प्रत्येक स्वर रागाप्रमाणे हवा तेवढा चढविता-उतरविता येतो. स्वर वाकविण्यासाठी पट्ट्यांच्या डाव्या बाजूस एक चक्र असते. ते फिरविणाऱ्याच्या कानांत गाणे असेल तर मींडही निघते.

म्हणजे पेटीवरचे दोन्ही जुने आक्षेप, गांधाराचा आणि मींडेचा, विजेच्या पट्टीने तत्त्वतः निकालात काढले आहेत. तरीही बहुसंख्य वादक कारखान्यात ठरविलेलीच बारा स्वरांची जुळणी आणि कारखान्यात भरलेल्याच नकला वापरतात. याचा दोष वाद्याकडे जात नाही. ज्या सोयीसाठी एका पिढीने ग्रंथ लिहिले, परिषदा गाजविल्या आणि बंदीही सोसली, ती सोय आज एका खुंटीच्या अंतरावर आहे. ती खुंटी फिरविण्याइतके आपले कान तयार करणे, एवढेच काम आता उरले आहे. आणि ते कोणतेही यंत्र आपल्यासाठी करणार नाही.